पराक्रमाचे माप

आयरिश लोकवाङ्मयाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे येटस्, लेडी ग्रेगरी आणि सिंज ही त्रयी उभी राहते, आणि त्यांच्या पाठोपाठ धुक्यात बुडालेल्या टेकड्या, यक्षिणी व दुःखी राण्या यांचा तांडा येतो. हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते एकांगी आहे खास. त्या चित्रात ज्याला जागा मिळाली नाही असा एक मनुष्य आयर्लंडच्या खेड्याखेड्यांत पिढ्यान् पिढ्या वावरत आला आहे. रविवारची उपासना आटोपल्यावर गावाबाहेरच्या चौरस्त्यावर कोट काढून कुंपणावर टाकणारा, लोहाराचा घण किंवा बाजारातील छप्पन पौंडांचे वजन उचलून भिरकावणारा, ओढ्याचे पात्र एका उडीत ओलांडणारा असा हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्याविषयी जे लहान लहान किस्से सांगितले जातात त्यांचा इतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ उपयोग झाला आहे. वाङ्मय म्हणून मात्र त्यांचा विचार व्हावा तसा झालेला नाही, असे आम्हांस वाटते. तो येथे थोडासा करावयाचा आहे.

या कथांचा सर्वांत मोठा साठा मुलांच्या हातचा आहे. १९३५ साली आयरिश फ्री स्टेटच्या सरकारने लोकविद्येच्या संग्रहासाठी एक आयोग नेमला. त्याचे संचालक शेमस ओ डिलार्गी आणि त्यांचे सहकारी शॉन ओ सूलेवॉन यांनी १९३७ साली प्राथमिक शाळांना हाताशी धरून एक मोठा उपक्रम आरंभिला. सव्वीस काउंट्यांतील सुमारे पाच हजार शाळांची, अकरा ते चौदा वर्षे वयाची मुले नेमून दिलेला विषय घेऊन घरी जात, आजी-आजोबांना व शेजारच्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारीत आणि मिळालेली उत्तरे वहीत उतरवून आणीत. १९३९ च्या आरंभापर्यंत हे काम चालू होते आणि सुमारे पन्नास हजार मुलांनी त्यास हातभार लावला. आयोगाचा सगळा संग्रह आता डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात असून २०१७ साली युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत गणना केली. या विषयांपैकी एकाचे नाव 'स्थानिक वीर' असे होते. त्याखाली मुलांनी ज्यांच्या गोष्टी लिहून आणल्या ते धावणारे, उड्या मारणारे, वजन फेकणारे, पोहणारे, दिवसभर न थकता चालणारे, आणि लांब दांड्याच्या विळ्याने गवताचे रान आडवे करणारे. गवत कापणारा वीरांच्या पंक्तीस बसावा, यातच या वाङ्मयाची अर्धी प्रकृती कळून येते.

नोंदी बहुतेक एका साच्याच्या आहेत. प्रथम नाव, मग वाडी, मग काळ (तोही 'सुमारे साठ वर्षांपूर्वी' अशा बेताचा), मग पराक्रम, आणि पराक्रमाला लागूनच त्याचे माप. अमका अमक्याच्या शेताच्या फाटकावरून उडी मारी. तमक्याने पुलाजवळचा धोंडा छातीपर्यंत आणला. आणखी कोणी एवढ्या मैलांवरच्या बाजारास पायी जाऊन दिवे लागणीच्या आत परत येई. मग बहुधा कथा संपते. वर्णन नाही, संवाद क्वचित, उपदेश तर नाहीच. शिक्षकांनी निवडून चांगल्या अक्षरात उतरवून घेतलेल्या या वह्यांत शाळेतील निबंधाचा एक प्रकारचा कोरडेपणा आहे, हे खरे. परंतु हा कोरडेपणा मुलांच्या अंगचा किती आणि सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. आमचा कल म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे. ज्याला आपल्या गोष्टीचा पुरावा रस्त्याच्या कडेला पडलेला दिसतो, त्याला अलंकाराची गरज भासत नाही.

या कथांविषयी एक मत सहज सुचण्यासारखे आहे, आणि त्याचा मोह मोठा आहे. ते असे की, प्राचीन वीरगाथा फुटून तिचे जे कण खेड्यांत विखुरले, त्या या कथा होत. मूळ पुरुष कूहूलिन. 'तान बो कूलन्ये' या गाथेत त्याच्या बाळपणीचे प्रताप आहेत. सेतांता नावाचा तो पोरगा हातात हर्लिंगची काठी व चेंडू घेऊन राजधानीच्या वाटेस लागतो, चेंडू टोलवतो, त्यामागून काठी फेकतो, त्यामागून भाला फेकतो, आणि यांपैकी काहीही भुईवर पडण्यापूर्वी धावत जाऊन झेलतो. तेथे दीडशे मुलांशी एकटा खेळतो व सर्वांना लोळवितो. एका पाठात तो लोहार कुलान याच्या दांडग्या कुत्र्याच्या घशात चेंडू घालून त्यास ठार करतो, आणि म्हणूनच त्याचे नाव 'कुलानचा श्वान' असे पडते. फिन मॅक्कूलच्या वीरपथकाची प्रवेशपरीक्षा सतराव्या शतकात जेफ्री कीटिंगने आपल्या आयर्लंडच्या इतिहासात नमूद करून ठेविली आहे. उमेदवाराने कमरेइतक्या खड्ड्यात उभे राहून ढाल व हेझलची काठी एवढ्यावर नऊ योद्ध्यांचे भाले चुकवायचे. मग केसांची वेणी घालून रानातून पळायचे. वेणीतला केस सुटता कामा नये. कपाळाइतक्या उंच फांदीवरून उडी, गुडघ्याइतक्या खालच्या फांदीखालून वाकून जाणे, आणि धावता धावता वेग न मोडता पायातला काटा काढणे. शिवाय काव्याचे बारा ग्रंथ अवगत असावे लागत! सरकारी नोकरीच्या परीक्षा दिलेल्या आमच्या वाचकांस या अभ्यासक्रमाचे कौतुक वाटावे.

हे सर्व वाचल्यावर गावच्या उडीमारूला कूहूलिनचा गरीब नातू ठरविणे स्वाभाविक आहे. तरीही हे मत आम्हांस मान्य नाही. दोहोंत काठी आहे, चेंडू आहे, उडी आहे. पण कथा कशावर उभी आहे हे पाहिले की नाते तुटते. गाथेतील पराक्रम संख्येने फुगतो. दीडशेऐवजी तीनशे मुले म्हटली तरी गाथेचे काही बिघडत नाही. गावच्या कथेत फाटकाला सहावी आडवी पट्टी लावून पाहा. ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी लगेच म्हणेल, त्या फाटकाला पाचच पट्ट्या होत्या, मी ते माझ्या हाताने रंगविले आहे. येथे अतिशयोक्ती होत नाही असे नव्हे, पुष्कळ होते. पण तिला एका ठरावीक फाटकाच्या आत राहून व्हावे लागते, आणि त्यामुळे तिला एक संयम येतो. कीटिंगच्या वर्णनात नऊ योद्धे दहा सऱ्यांच्या अंतरावर उभे असतात. त्या भव्य वर्णनात नांगरटीचे हे माप अचानक डोकावते तेव्हा आम्हांस उलट असा संशय येतो की, येथे गाथेनेच गावकथेकडून काही उसने घेतले असावे.

मापांचा हा विषय वाटतो तितका लहान नाही. आयरिश मैल दोन हजार दोनशे चाळीस यार्डांचा, म्हणजे इंग्रजी मैलाहून चारशे ऐंशी यार्डांनी लांब. आयरिश एकरही इंग्रजी एकराच्या दीडपटीहून मोठा. १८२४ च्या कायद्याने ही मापे सरकारी व्यवहारातून काढून टाकली. लोकांच्या तोंडातून ती इतक्या लवकर गेली नाहीत. म्हणून एखादा मनुष्य इतके मैल चालला किंवा त्याने इतके एकर गवत कापले असे म्हातारा सांगतो, तेव्हा तो कोणत्या मैलाने व कोणत्या एकराने बोलतो हे विचारले पाहिजे. जो वाचक हे न विचारता कथेला थाप म्हणतो, तो एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेच्या व्याकरणाने चूक ठरवितो. खेळाची साधनेही अशीच कामाच्या जागेहून आलेली होती. घण लोहारशाळेतला, छप्पन पौंडांचे वजन म्हणजे बाजारातील तराजूचे अर्ध्या हंड्रेडवेटचे माप, कॉर्क व आर्मा भागांत सार्वजनिक रस्त्यावर जो अठ्ठावीस औंसांचा लोखंडी गोळा फेकतात त्याचे मैदान म्हणजे तोच रस्ता, वळणांसकट. खेळण्यासाठी वेगळी भूमी नाही आणि वेगळे हत्यारही नाही. जे उचलायचे ते आधीच गावात होते.

प्रतिष्ठित दंतकथांचे मात्र तसे नाही. तेथे भूमीच कथेच्या सोयीने नावे घेते. क्लेअर काउंटीच्या टोकाला लूप हेड नावाचे भूशिर आहे. त्याचा अर्थ उडीचे टोक. आपल्या मागे लागलेल्या माल नावाच्या चेटकिणीस चुकविण्यासाठी कूहूलिनने तेथून समुद्रातल्या खडकावर उडी घेतली म्हणतात. कॉर्कमधील 'लीप' या गावाचे नाव ओ'डॉनव्हन घराण्याच्या सरदाराने घोड्यासह मारलेल्या उडीवरून पडले. कॉर्क-केरीच्या सीमेवरील घाटाला 'पाद्र्याची उडी' म्हणतात, कारण शिपायांनी गाठलेला धर्मगुरू तेथून जो उडाला तो बॅन्ट्रीजवळ जाऊन उतरला, आणि तेथल्या खडकावर त्याच्या खुणा दाखविल्या जातात. या उड्या दगडात राहिल्या. यांहून जवळच्या काळातले व खऱ्या माणसाचे उदाहरण म्हणजे मुष्टियोद्धा डॅन डॉनेली. हा डब्लिनचा सुतार. १३ डिसेंबर १८१५ रोजी किल्डेअरच्या करा मैदानावरील एका खोलगट जागी त्याने जॉर्ज कूपर या इंग्रज मुष्टियोद्ध्यास हरविले. विजयानंतर तो ज्या वाटेने चढून वर गेला तेथील त्याच्या पावलांचे ठसे लोकांनी कोरून जपले, आणि आजही येणारेजाणारे त्यांत पाऊल ठेवून चालतात. त्याचे हात इतके लांब होते की न वाकता गुडघ्याजवळची बटणे लावता येत, हीही कथा त्याच्याबरोबर चालते. शहरातल्या सुताराला गावाने असे मापात बसवून आपला करून घेतले. कुंपण, फाटक, बांध यांचे तसे होत नाही. फाटक कुजते, रस्ता रुंद होतो, बांध मोडतो. आणि त्याबरोबर कथेचा साक्षीदार जातो. अशा नाशिवंत साक्षीदारावर भिस्त ठेवणाऱ्या कथेचे आयुष्य ते किती? तीन पिढ्या, फार तर चार. १९३७ साली त्या वह्या भरल्या गेल्या नसत्या तर यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नसती.

ललित वाङ्मयात या मनुष्यास पहिली मोठी जागा चार्ल्स किकहॅम याने दिली. किकहॅम हा टिपरारीतील मलिनाहोनचा, फीनियन चळवळीसाठी तुरुंगवास भोगलेला. लहानपणी बंदुकीच्या दारूच्या स्फोटाने त्याचे कान गेले व डोळे अधू झाले होते. त्याची 'नॉकनगाऊ' ही कादंबरी १८७३ साली निघाली आणि आयर्लंडच्या घरोघर वाचली गेली. तिच्यात मॅट डॉनव्हन, लोकांच्या भाषेत 'मळणीवाला मॅट', आणि जमीनदार वर्गातील एक कॅप्टन यांच्यात घण फेकण्याचा सामना आहे. शेवटच्या फेकीपूर्वी मॅटची दृष्टी आपल्या लहानशा वस्तीकडे जाते, तिच्या इभ्रतीचा विचार त्याच्या मनात येतो आणि तो घण सोडतो. आयरिश वाचकांच्या कित्येक पिढ्या या प्रसंगावर वाढल्या. पुढे खेड्याच्या मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या तोंडी मॅटच्या मनातला तो विचार घातला गेला.

या प्रसंगाची थोरवी आम्हांस मान्य आहे, तथापि त्याने गावकथेचे थोडे नुकसानही केले. किकहॅमने माप बाजूस सारले व त्याच्या जागी भावना बसविली. घण किती फूट गेला हे वाचकाच्या ध्यानात राहत नाही; तो कशासाठी फेकला एवढेच राहते. गावातला म्हातारा असे कधीच करीत नाही. गावाची इभ्रत त्याला उच्चारण्याची गरज नसते, कारण फुटांचा आकडा हीच इभ्रत. लेखकाला ती उच्चारावी लागते, कारण त्याचा वाचक डब्लिनमध्ये किंवा बोस्टनमध्ये बसलेला आहे आणि त्याला ती लोहारशाळा ठाऊक नाही. किकहॅमला हा दोष आम्ही पुरता चिकटवीत नाही, आणि त्याचे कारण कादंबरीच्या शेवटी आहे. ज्या वस्तीच्या इभ्रतीसाठी मॅटने घण फेकला ती वस्ती जमिनीवरून हुसकावलेल्या कुळांबरोबर नाहीशी होते. मोजायला जागाच उरली नाही तेव्हा मापाच्या जागी भावना येते, हे किकहॅमला आपल्याहून अधिक ठाऊक होते.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्सच्या हेज हॉटेलात मायकेल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आदी मंडळींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली, त्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. आम्हांस येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, अध्यक्ष झालेले डेव्हिन हे स्वतः सूर नदीकाठचे नाणावलेले हातोडाफेकू होते. म्हणजे या संस्थेच्या मुळाशीही असा एक 'स्थानिक वीर' आहे.

पुढच्या तीस वर्षांत या खेड्यांतील मुले जगाच्या मैदानांवर उतरली. लिमरिकचा जॉन फ्लॅनगन याने १९००, १९०४ व १९०८ अशा तिन्ही ऑलिम्पिकांत हातोडाफेकीचे सुवर्णपदक मिळविले. मेयोमधील बोहोला गावचा मार्टिन शेरिडन थाळीफेकीत जगज्जेता झाला. क्लेअरमधील डूनबेगचा पॅट मॅक्डॉनल्ड याने तर १९२० साली, बेचाळिसाव्या वर्षी, तेच बाजारातले छप्पन पौंडांचे वजन फेकून सुवर्णपदक घेतले. लिमरिकच्याच पॅडी रायनने १९१३ साली ५७.७७ मीटर फेकलेल्या हातोड्याचा विक्रम पंचवीस वर्षे टिकला. हे सगळे न्यूयॉर्कला गेलेले, यांतील कित्येक तेथील पोलिसांत भरती झालेले, आणि अमेरिकेच्या वतीने खेळलेले. त्यांना 'आयरिश देवमासे' म्हणत, आणि त्यांच्या जेवणाच्या कथा त्यांच्या फेकीइतक्याच लांब आहेत. फेकी आता मीटरांत व फुटांत मोजल्या जाऊ लागल्या, आणि तो आकडा जगात कोठेही तोच राहू लागला.

येथे एक मौजेची गोष्ट दिसते. वॉटरफर्डचा वकील पीटर ओ'कॉनर याने ५ ऑगस्ट १९०१ रोजी डब्लिनला २४ फूट ११¾ इंच लांब उडी मारली. तो जागतिक विक्रम वीस वर्षे व आयर्लंडचा राष्ट्रीय विक्रम १९९० पर्यंत टिकला. असा आकडा क्वचितच कोणाच्या वाट्यास येतो. परंतु लोक ओ'कॉनरची कथा सांगतात ती या उडीची नव्हे. १९०६ साली अथेन्सच्या स्पर्धेत आपली नोंद ब्रिटनचा खेळाडू म्हणून झालेली पाहून तो चिडला, आणि लांब उडीत दुसरा आल्यावर त्याच्या नावाने ब्रिटिश निशाण चढू लागताच तो स्वतः खांबावर चढला व त्याने हिरवा आयरिश झेंडा फडकविला. खाली कॉन लीही पहारेकऱ्यांना थोपवून उभा होता. ही कथा सर्वतोमुखी आहे. त्याचे देशाभिमान हे एक कारण आहेच. आम्हांस दुसरेही एक दिसते: खांब डोळ्यांपुढे उभा करता येतो, पाऊण इंच उभा करता येत नाही. टिपरारीच्या टॉम कीलीचेही तसेच. १९०४ साली सेंट लुइस येथे एकाच दिवसात दहा खेळांची स्पर्धा त्याने वयाच्या चौतिसाव्या वर्षी जिंकली, तेव्हा त्याला ६०३६ गुण पडले. गुण कोणी सांगत नाही. त्याने ब्रिटनच्या वतीने खेळण्याचे नाकारले आणि आपली जुनी बक्षिसे विकून जहाजाचे भाडे भरले, असे सांगतात. विकलेल्या चषकांत पुन्हा एक हाताने उचलता येईल असे माप आले.

या कथांच्या मागे एक काळोख आहे, त्याकडे वळले पाहिजे. १९३७ साली जे सत्तर-ऐंशी वर्षांचे होते त्यांचे आईबाप १८४५ ते १८४९ च्या महादुष्काळातून वाचलेले होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली व सुमारे तितकीच देश सोडून गेली. उपासमारीने ज्या देशाचे शरीर खंगले, त्याच देशात बलदंड शरीराच्या एवढ्या कथा जपल्या गेल्या. कथांत दुष्काळाचा उल्लेख बहुधा नसतो. 'पूर्वीची माणसे ओटची लापशी नि बटाटे खात, म्हणून बळकट. आता चहा-पावाने दुबळी झाली', एवढ्यावर वृद्धांचे शरीरशास्त्र थांबते. त्या 'पूर्वी'ला काय झाले ते कोणी बोलत नाही. इंग्लंडातील 'पंच' साप्ताहिक त्या काळी आयरिश मनुष्यास वानराच्या रूपात रेखाटीत असे, आणि राष्ट्रवादी टीकाकार या साऱ्या कथांना त्या व्यंगचित्रांचे उत्तर मानतील. कादंबरीपुरते आणि अथेन्सच्या खांबापुरते ते ठीक आहे. वह्यांतल्या कथांना ते लागू पडत नाही. तेथे प्रतिस्पर्धी इंग्रज नसतोच. तो ओढ्यापलीकडच्या गावचा असतो. जिंकायचे असते ते शेजाऱ्याला, आणि त्याच्याच साक्षीने.

कॉनाक्ट प्रांतातील पऱ्यांच्या कथांत याच गोष्टीला विलक्षण रूप मिळाले आहे. डग्लस हाइड व लेडी ग्रेगरी यांच्या संग्रहांत ती कल्पना भेटते: पऱ्यांच्या दोन सैन्यांत हर्लिंगचा सामना होतो, परंतु एक जिवंत मनुष्य सोबत असल्याशिवाय त्यांना चेंडूचा खेळ खेळताच येत नाही, म्हणून ते रात्री गावातला चांगला खेळाडू उचलून नेतात. अमर योनीला गावच्या पोराची गरज पडावी, ही कल्पना आम्हांस साऱ्या आयरिश लोकविद्येतील सर्वांत उद्धट आणि सर्वांत सुंदर वाटते.

आता या वाङ्मयातील सर्वांत मोठे वैगुण्य. या वीरांत स्त्रिया जवळजवळ नाहीत. हे अधिक खटकते, कारण आयर्लंडच्या परंपरेतील सर्वांत थोर धावपटू स्त्री आहे. माखाची कथा अशी: अल्स्टरमधील क्रुन्यूक नावाच्या विधुर शेतकऱ्याच्या घरी एके दिवशी एक अनोळखी स्त्री येते, कामाला लागते, घर भरभराटीस आणते. तो जत्रेला निघतो तेव्हा ती बजावते, माझ्याविषयी अक्षर काढू नको. जत्रेत राजाचे घोडे शर्यत जिंकतात. सगळे स्तुती करू लागतात, आणि क्रुन्यूकला राहवत नाही: माझी बायको यांच्याहून जोरात धावते! राजा त्याला धरून ठेवतो व तिला बोलावणे धाडतो. ती गर्भवती आहे, दिवस भरले आहेत. ती विनवते की प्रसूतीपर्यंत थांबा. कोणी ऐकत नाही. ती धावते, घोड्यांना मागे टाकते, आणि शर्यतीच्या शेवटी तिला जुळे होते. एमाइन माखा, म्हणजे माखाचे जुळे, हे राजधानीचे नाव त्यावरून पडले. आर्मा शहराजवळ ती टेकडी आजही आहे. जाताना ती शाप देते: अल्स्टरच्या पुरुषांवर ज्या ज्या वेळी संकट येईल त्या त्या वेळी त्यांना प्रसववेदना होतील, नऊ पिढ्यांपर्यंत.

पुढे राणी मेव्हचे सैन्य चालून येते तेव्हा याच शापाने सारे योद्धे अंथरुणाला खिळतात आणि एकटा कूहूलिन सीमेवर उभा राहतो. ज्या एकाकी झुंजीसाठी कूहूलिनची कीर्ती, तिच्या पाठीशी एका स्त्रीची शर्यत आहे. पराक्रमाच्या कथा सांगणारा कोण आणि त्या कथेची किंमत मोजणारा कोण, हा प्रश्न माखाच्या कथेने इतक्या उघडपणे विचारला आहे की पुढच्या वीरकथांनी त्याकडे पाठ फिरविली याचे आम्हांस नवल वाटत नाही. चौरस्त्यावर जमलेल्या पुरुषांत क्रुन्यूकच अधिक असतात. माखाची बाजू सांगणारी वही आम्हांस हवी होती.

पराभवाच्या कथाही जुन्या संग्रहांत थोड्याच. त्या अलीकडे निपजल्या, आणि सांघिक खेळांच्या आहेत. क्लेअरचा हर्लिंग संघ १९१४ नंतर थेट १९९५ साली अखिल आयर्लंड विजेता झाला. मधल्या काळातील अपयशाचा दोष बिडी अर्ली या जाणत्या स्त्रीच्या शापाला देत. ती १८७४ साली वारली, म्हणजे असोसिएशनच्या जन्माच्या दहा वर्षे आधी. पण शापाला त्याची अडचण वाटली नाही. मेयोचा फुटबॉल संघ १९५१ साली विजयी होऊन परतताना फॉक्सफर्ड गावी एका प्रेतयात्रेपुढे थांबला नाही, म्हणून धर्मगुरूने शापिले की या संघातला एकही गडी जिवंत असेतो मेयो पुन्हा जिंकणार नाही. ती प्रेतयात्रा खुद्द खेळाडूंच्या आठवणीत नव्हती. त्यांतील शेवटचे पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये निवर्तले, आणि त्याच महिन्यात, त्यांच्या हयातीत, मेयो आणखी एक अंतिम सामना हरला होता. या कथा चटकदार आहेत. त्यांत माप मात्र उरलेले नाही. शाप मोजता येत नाही, आणि म्हणून तो कोणत्याही संघाला चिकटतो.

मोनॅगनच्या इनिस्कीन गावचा कवी पॅट्रिक कॅव्हना याने १९५२ साली आपल्या साप्ताहिकात एक भेद मांडला होता. एक मनुष्य राजधानी काय म्हणते ते ऐकल्याशिवाय आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही. दुसऱ्याला आपल्या गावकुसातील जगणे वाङ्मयाला पुरेसे आहे याविषयी कधी शंकाच येत नाही. पहिल्याला त्याने प्रांतिक म्हटले व दुसऱ्याला गावकीचा, आणि मान दुसऱ्याला दिला. बदलीच्या गावी राहून घरच्या गोष्टी सांगणाऱ्या आमच्या वाचकांना हा भेद चटकन कळेल. आपण गावची गोष्ट सांगताना ती ऐकणाऱ्या परक्याच्या सोयीने किती वेळा छाटतो, ते ज्याचे त्याला ठाऊक. खुद्द कॅव्हना इनिस्कीनच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता, आणि सामना चालू असता तो आइस्क्रीम आणायला गेला व तेवढ्यात गोल झाला, अशी कथा गावात आहे. मोठा कवी झाल्यावरही गावाने त्याला याच मापाने मोजले.

या कथांतील एक माप अलीकडे पुन्हा हाती आले आहे. ॲरन बेटांवर जन्मलेल्या लिअम ओ'फ्लॅहर्टीने 'द स्टोन' या कथेत गावाच्या उचलण्याच्या धोंड्यावर लिहिले होते. शॉन ओ सूलेवॉन यांनी मृताच्या घरी रात्र जागविताना होणाऱ्या खेळांवर जो ग्रंथ लिहिला त्यातही बळाच्या परीक्षा आहेत. परंतु धोंडे स्वतः विस्मरणात गेले होते. वॉटरफर्डचे डेव्हिड कोहन यांनी गेल्या काही वर्षांत ओ'फ्लॅहर्टीच्या त्या कथेपासून आरंभ करून, शाळेतील मुलांच्या त्याच वह्या चाळून, कोठे स्मशानाच्या भिंतीशी, कोठे किनाऱ्यावर, असे अनेक धोंडे शोधून काढले आणि ते उचलून पाहिले. वहीत लिहिलेल्या जागी धोंडा पडलेला असतो, हे त्यांतून दिसून आले. त्यांचे वजन पौंडांत आता सांगता येते. जुन्या लोकांची पद्धत निराळी होती. धोंडा छातीशी आणला तर पुरा उचलला; गुडघ्यापर्यंत आणला तर तोही गडी; आणि भुईपासून नुसता सुटला, कागदाच्या जाडीइतका जरी, तरी म्हणत की त्याने धोंड्याखाली वारा घातला.